क्लिपबोर्डचा पुरेपूर वापर: कॉपी केलेलं कुठे जातं, किती वेळ राहतं आणि कोणाला दिसतं?

लिंक कॉपी करा, पत्ता पेस्ट करा, ओटीपी उचला, मेसेज पुढे टाका. हे आपण दिवसभर करत असतो. पण कॉपी केलेली गोष्ट मधल्या वेळेत असते कुठे, हा विचार आपल्याला बहुतेक वेळा ती हरवल्यावरच सुचतो.

मी रत्नागिरीजवळच्या पालीत राहतो. मुंबई-गोवा महामार्गावरचं हे गाव, इथूनच कोल्हापूरचा रस्ता आंबा घाटाकडे वळतो. आमच्याकडे कॉपी-पेस्टचे दोन मोठे हंगाम असतात. मार्च ते मे आंब्याचा: पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांचे पत्ते व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि ते पेटीवर, पार्सलच्या पावतीवर, हिशेबाच्या शीटमध्ये उतरवायचे असतात. त्यानंतर जून-जुलैत प्रवेशाचे आणि मग शिष्यवृत्तीचे अर्ज. पत्ता चुकला तर पेटी भलत्या ठिकाणी पडून राहते, आणि आंबा काही पिकायचा थांबत नाही. अर्जात एक आकडा चुकला की त्रुटी निघून अर्ज परत येतो. त्यामुळे हे साधं वाटणारं साधन नीट शिकून घेणं फायद्याचं आहे.

या लेखात आपण अँड्रॉइड, आयफोन, विंडोज आणि मॅक या सगळ्यांवरचा क्लिपबोर्ड बघू. कुठलंही साधन असो, तीन प्रश्न लक्षात ठेवा: त्यात किती गोष्टी राहतात? किती वेळ राहतात? आणि त्या कोणाला दिसतात? या तिघांची उत्तरं माहीत असली की अर्धं काम झालं.

क्लिपबोर्ड म्हणजे नेमकं काय?

क्लिपबोर्ड ही फोन किंवा कॉम्प्युटरच्या मेमरीतली तात्पुरती जागा आहे. तुम्ही 'कॉपी' किंवा 'कट' केलं की मजकूर किंवा फोटो तिथे जातो, 'पेस्ट' केलं की तिथून उचलून दुसरीकडे उमटतो. पेस्ट केल्यावर ती जागा रिकामी होत नाही, म्हणून एकच गोष्ट दहा वेळा पेस्ट करता येते. पण मूळ क्लिपबोर्डमध्ये एका वेळी एकच गोष्ट मावते. नवीन काही कॉपी केलं की जुनं गेलं.

ही कल्पना आली कागदावरून. कॉम्प्युटर येण्याआधी छापखान्यात आणि वर्तमानपत्रांत मजकुराच्या पट्ट्या खरोखर कात्रीने कापून पानावर गोंदाने चिकटवत. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 'जिप्सी' नावाचा एडिटर तयार केला, त्यात कट-कॉपी-पेस्टची आजची पद्धत आकाराला आली. पुढे टेस्लर अ‍ॅपलमध्ये गेले, आणि १९८३चा लिसा व १९८४चा मॅकिंटॉश या कॉम्प्युटरांमुळे ती पद्धत घराघरांत पोचली. म्हणजे एका खणाचा हा क्लिपबोर्ड चाळीस वर्षांहून जुना आहे. आता त्याला जास्त खण मिळालेत, पण ते आपण चालू करावे लागतात.

अँड्रॉइड फोनवर

तुमच्या फोनमध्ये बहुधा गुगलचा जीबोर्ड कीबोर्ड असेल. त्यात क्लिपबोर्डचा इतिहास आधीपासून आहे.

१. व्हॉट्सअ‍ॅप किंवा नोट्स उघडा आणि लिहायच्या जागी टॅप करा, म्हणजे कीबोर्ड वर येईल.
२. कीबोर्डच्या वरच्या पट्टीत क्लिपबोर्डचं चिन्ह शोधा. दिसत नसेल तर त्याच पट्टीतल्या चार चौकोनांच्या मेनूत बघा.
३. पहिल्यांदा उघडल्यावर क्लिपबोर्ड चालू करायचं बटण दिसेल, ते ऑन करा.
४. आता जे कॉपी कराल ते इथे एकाखाली एक दिसेल. ज्यावर टॅप कराल ते पेस्ट होईल.
५. जी गोष्ट कायम हवी आहे तिच्यावर बोट दाबून धरा आणि 'पिन' निवडा.

यात पाचवी पायरी सर्वांत महत्त्वाची. जीबोर्डमध्ये पिन न केलेली गोष्ट साधारण एक तासाने आपोआप पुसली जाते. पिन केलेली तुम्ही काढेपर्यंत राहते. सकाळी कॉपी केलेला पत्ता दुपारी सापडत नाही, त्याचं कारण हेच.

सॅमसंगच्या स्वतःच्या कीबोर्डमध्येही वरच्या पट्टीत असाच क्लिपबोर्ड असतो आणि त्यातही पिन करता येतं. मायक्रोसॉफ्टच्या स्विफ्टकी कीबोर्डमध्येही पिनची सोय आहे, शिवाय तो विंडोजशी जोडता येतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

प्ले स्टोअरवर 'क्लिपबोर्ड मॅनेजर' नावाची पुष्कळ अ‍ॅप्स दिसतात. माझं मत विचाराल तर बहुतेकांना त्यांची गरज नाही. २०१९च्या अँड्रॉइड १० पासून मागे चालणाऱ्या अ‍ॅपला क्लिपबोर्ड वाचता येत नाही. ती मुभा फक्त तुम्ही वापरत असलेल्या कीबोर्डला आणि समोर उघड्या असलेल्या अ‍ॅपला आहे. म्हणून अशी काही अ‍ॅप्स 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागतात. ती दिली की स्क्रीनवरचं जवळजवळ सगळंच त्या अ‍ॅपला दिसू शकतं. एवढ्याशा सोयीसाठी एवढी मोठी किल्ली कशाला द्यायची?

आयफोनवर

आयफोनच्या स्वतःच्या कीबोर्डमध्ये क्लिपबोर्डचा इतिहास नाही, एकच खण आहे. पण दोन गोष्टी हाताशी ठेवा. पहिली, तीन बोटांची चिमूट: निवडलेल्या मजकुरावर तीन बोटं आत ओढली की कॉपी, बाहेर फाकवली की पेस्ट. दुसरी, 'टेक्स्ट रिप्लेसमेंट'. सेटिंग्ज > जनरल > कीबोर्ड > टेक्स्ट रिप्लेसमेंट इथे जाऊन मोठ्या मजकुरासाठी छोटी खूण ठरवा. उदाहरणार्थ 'पत्ताघ' टाइप केलं की घरचा पूर्ण पत्ता उमटेल.

हीच सोय जीबोर्डमध्येही आहे: कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये डिक्शनरी > पर्सनल डिक्शनरी. तिथे खूण टाइप केल्यावर वर सुचवणीत पूर्ण मजकूर दिसतो, त्यावर टॅप करायचं. रोज लागणाऱ्या मजकुरासाठी हे पिनपेक्षाही बरं, कारण क्लिपबोर्ड उघडावाच लागत नाही.

विंडोजवर: कंट्रोल + व्ही नाही, विंडोज + व्ही

कॉम्प्युटर वापरणाऱ्यांनी या लेखातून एकच गोष्ट घ्यायची तर ही घ्या. कीबोर्डवरचं विंडोजचं बटण दाबून ठेवा आणि 'व्ही' दाबा. पहिल्यांदा क्लिपबोर्ड हिस्टरी चालू करायला विचारेल, ती चालू करा. विंडोज १० मध्ये ही सोय २०१८च्या ऑक्टोबरच्या अपडेटपासून आहे आणि विंडोज ११ मध्येही आहे. सेटिंग्ज > सिस्टीम > क्लिपबोर्ड इथूनही चालू-बंद करता येते.

आता आपल्या तीन प्रश्नांची उत्तरं बघू. किती? २५ गोष्टी, सव्विसावी आली की सर्वांत जुनी जाते. मजकूर आणि फोटो राहतात (एक नग ४ एमबीपर्यंत), फाइली मात्र या यादीत येत नाहीत. किती वेळ? कॉम्प्युटर रीस्टार्ट होईपर्यंत. पिन केलेल्या गोष्टी तेवढ्या रीस्टार्टनंतरही राहतात. कोणाला दिसतात? त्या कॉम्प्युटरवर त्याच खात्यात बसलेल्या प्रत्येकाला.

दुसरं उत्तर कोकणात विशेष लक्षात ठेवायचं. पावसाळ्यात लाईट गेली आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर पिन न केलेला सगळा इतिहास गेला. अर्धा अर्ज भरून झालेला असताना हे नको असेल, तर पुन्हा पुन्हा लागणाऱ्या चार ओळी आधीच पिन करा.

आणखी एक उपयोगी जोडी: कंट्रोल + शिफ्ट + व्ही. वेबसाईटवरून कॉपी केलेला मजकूर कधी लाल, कधी भल्या मोठ्या अक्षरात पेस्ट होतो ना? क्रोम किंवा गुगल डॉक्समध्ये ही जोडी वापरली की रंग-आकार सोडून फक्त शब्द येतात.

२५ खण पुरत नसतील तर 'डिट्टो' हे विंडोजसाठीचं मोफत, ओपन सोर्स साधन बघा. ते इतिहास डिस्कवर साठवतं, त्यामुळे रीस्टार्टनंतरही सापडतो आणि त्यात शोधताही येतं. 'कॉपीक्यू' हे असंच साधन विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं. पण जे जास्त दिवस टिकतं ते जास्त दिवस दिसतंही, हे विसरू नका.

मॅक आणि लिनक्सवर थोडक्यात

मॅकवर बरीच वर्षं एकच खण होता. २०२५च्या मॅकओएस टाहोमध्ये मात्र स्पॉटलाइटमध्येच क्लिपबोर्डचा इतिहास आला आहे. लिनक्सवर एक गंमत आहे: बऱ्याच ठिकाणी मजकूर नुसता माउसने निवडला आणि दुसरीकडे माउसचं मधलं बटण दाबलं तरी तो उमटतो. हा नेहमीच्या क्लिपबोर्डहून वेगळा, दुसरा खण आहे.

फोनवरचं कॉम्प्युटरवर कसं न्यायचं?

अँड्रॉइड आणि विंडोज: फोनमध्ये स्विफ्टकी कीबोर्ड टाका, दोन्हीकडे एकाच मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करा आणि दोन्हीकडे क्लिपबोर्ड सिंक चालू करा. फोनवर कॉपी केलेलं विंडोज + व्ही मध्ये दिसेल.

आयफोन आणि मॅक: दोन्हीवर एकच अ‍ॅपल खातं, ब्लूटूथ आणि वायफाय चालू, उपकरणं जवळजवळ. इकडे कॉपी, तिकडे पेस्ट. ही सोय २०१६ पासून आहे.

काहीच सेट करायचं नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवा आणि व्हॉट्सअ‍ॅप वेबवर उघडा. साधा उपाय आहे, पण पाठवलेलं तिथे कायम राहतं. म्हणून पासवर्ड असे पाठवू नका.

मराठी मजकूर पेस्ट करताना येणाऱ्या अडचणी

हा भाग इंग्रजी लेखांत सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुन्या फॉन्टचा मजकूर: श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. क्लिपबोर्ड बिघडलेला नसतो. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. क्लिपबोर्ड क्रमांक नेतो, चित्र मागेच राहतं. उपाय एकच, मजकूर फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग वाचून तपासा.

पीडीएफमधून कॉपी: इथे मात्रा-वेलांट्या जागा सोडतात. 'रत्नागिरी'चं 'रत्नािगरी' होतं. अशा वेळी त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन गुगल लेन्सने मजकूर उचलून बघा, बऱ्याचदा तो जास्त शुद्ध येतो. तरी नावं आणि आकडे डोळ्यांनी ताडून घ्याच.

आकडे: कीबोर्ड मराठीत असेल तर पिनकोड आणि मोबाइल नंबर देवनागरी आकड्यांत टाइप होतात. बऱ्याच वेबसाईटचे रकाने ते स्वीकारत नाहीत, कारण त्यांना इंग्रजी आकडेच ओळखता येतात. म्हणून पत्ता पिन करून ठेवताना पिनकोड आणि फोन नंबर इंग्रजी आकड्यांत ठेवा.

दुसऱ्या, गिऱ्हाईक यांतला 'ऱ्': हे अक्षर टाइप करायच्या दोन पद्धती आहेत. एकीत मध्ये न दिसणारं जोडचिन्ह असतं. एखाद्या अ‍ॅपने पेस्ट करताना ते गाळलं की 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं. आणि दोन्ही रूपं डोळ्यांना सारखी दिसली तरी कॉम्प्युटरला वेगळी वाटतात, त्यामुळे शीटमध्ये शोधलेलं नाव कधी कधी सापडतच नाही.

एसएमएस: इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. त्यामुळे लांब मराठी मेसेज पेस्ट केला तर तो दोन-तीन एसएमएस म्हणून मोजला जाऊ शकतो.

व्हॉट्सअ‍ॅप: एकाच वेळी चार मेसेज निवडून कॉपी केले तर प्रत्येकाआधी तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नावही येतं. फक्त पत्ता हवा असेल तर तो एकच मेसेज कॉपी करा.

काय पिन करावं आणि काय नाही?

मी आंब्याच्या हंगामात चारच गोष्टी पिन करतो: त्या आठवड्याचा भाव आणि पेटीचा आकार सांगणारा मेसेज, पैसे पाठवण्यासाठीचा यूपीआय आयडी, 'नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड, फोन नंबर पाठवा' ही विनंती, आणि 'पेटी निघाली, उद्या सकाळपर्यंत पोचेल' हा निरोप. भाव उतरला की जुना मेसेज आधी काढतो, मग नवा पिन करतो. नाहीतर घाईत मागच्या आठवड्याचा भाव जायचा.

अर्ज भरणाऱ्यांनी पूर्ण नाव मराठीत आणि इंग्रजीत (दाखल्यावर आहे तसंच), ईमेल, घरचा पत्ता, शाळा-कॉलेजचं पूर्ण नाव आणि बँकेचा आयएफएससी कोड पिन करावा.

पिन करू नये अशा गोष्टी: पासवर्ड, एटीएम किंवा यूपीआयचा पिन, आधार क्रमांक, कार्डाचा नंबर. पासवर्डसाठी पासवर्ड मॅनेजर वापरा. त्याचं कामच ते आहे.

क्लिपबोर्डचे धोके: हा भाग वगळू नका

सार्वजनिक कॉम्प्युटर: सायबर कॅफे, कॉलेजची लॅब, अर्ज भरायचं केंद्र, मित्राचा लॅपटॉप. तिथे हिस्टरी चालू असेल तर तुमच्यानंतर बसणारा विंडोज + व्ही दाबून तुमचा आधार क्रमांक वाचू शकतो. उठण्याआधी विंडोज + व्ही दाबा आणि 'क्लिअर ऑल' करा. पिन केलेल्या गोष्टी त्याने जात नाहीत, त्या वेगळ्या काढा.

डोकावणारी अ‍ॅप्स: जून २०२० मध्ये आयओएस १४ ची चाचणी आवृत्ती आली, आणि कुठलं अ‍ॅप क्लिपबोर्ड वाचतंय हे पहिल्यांदाच स्क्रीनवर दिसू लागलं. टिकटॉकसह बरीच अ‍ॅप्स वापरणाऱ्याने पेस्ट न करताच तिथे डोकावताना सापडली. २०२२च्या आयओएस १६ पासून आयफोन आधी परवानगी विचारतो. अँड्रॉइड १२ पासून कुठल्या अ‍ॅपने क्लिपबोर्ड वाचला ते खाली छोट्या पट्टीत दिसतं, आणि अँड्रॉइड १३ पासून कॉपी केलेली गोष्ट काही वेळाने आपोआप पुसली जाते. ती पट्टी दिसली की वाचायची सवय लावा. टॉर्चच्या अ‍ॅपला तुमचा क्लिपबोर्ड कशाला हवा?

'मी रोबोट नाही' असं सांगणारं खोटं पान: २०२४ पासून ही फसवणूक जगभर वाढली आहे. एखादी वेबसाईट म्हणते, 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करायला विंडोज + आर दाबा, मग कंट्रोल + व्ही, मग एंटर.' तुम्ही काहीच कॉपी केलेलं नसतं. त्या पानाने गुपचूप तुमच्या क्लिपबोर्डवर एक कमांड ठेवलेली असते, आणि एंटर दाबून ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. मग पासवर्ड चोरणारं सॉफ्टवेअर आत शिरतं. खरा कॅप्चा असं काहीही कधीच सांगत नाही. असं पान दिसलं की बंद करा. आणि घरातल्या मोठ्यांनाही सांगून ठेवा.

पैसे पाठवताना: काही व्हायरस क्लिपबोर्डवरचा क्रिप्टो वॉलेटचा पत्ता बदलून तिथे चोराचा पत्ता ठेवतात. धडा सगळ्यांसाठी सारखाच आहे. खाते क्रमांक किंवा यूपीआय आयडी पेस्ट केल्यावर शेवटची चार अक्षरं ताडून बघा, समोर आलेलं नाव वाचा, मगच पुढे जा. तरीही फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कट केलेला मजकूर पेस्ट करण्याआधी दुसरंच काही कॉपी झालं. गेलं का सगळं?
विंडोजवर हिस्टरी चालू असेल तर विंडोज + व्ही मध्ये बघा. नसेल तर मूळ जागी जाऊन कंट्रोल + झेड दाबा, कट केलेलं परत येईल. पण फाइल बंद करण्याआधी.

फाइल कट केली आणि पेस्ट करायची राहिली तर?
विंडोजमध्ये पेस्ट होईपर्यंत फाइल मूळ जागीच असते. काळजी नको.

फोनचा क्लिपबोर्ड पटकन कसा रिकामा करू?
जीबोर्डच्या क्लिपबोर्डमधून ती नोंद दाबून धरून डिलीट करा. ज्या फोनमध्ये इतिहास नाही तिथे एखादा साधा शब्द कॉपी करा, तो जुन्याची जागा घेईल.

ओटीपी कॉपी करणं सुरक्षित आहे का?
तो काही मिनिटांतच निकामी होतो, त्यामुळे फार धोका नाही. तरी कीबोर्डने वर सुचवलेला ओटीपी थेट टॅप करणं जास्त चांगलं.

आता हे करून बघा

वाचून सोडून देऊ नका. आत्ताच फोनच्या कीबोर्डमध्ये क्लिपबोर्ड चालू करा आणि घरचा पत्ता पिन करा. पुढच्या वेळी कॉम्प्युटरवर बसाल तेव्हा विंडोज + व्ही दाबा. आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरून उठताना क्लिपबोर्ड साफ करा. तीनही कामं मिळून पाच मिनिटांची आहेत. अर्जाच्या शेवटच्या तारखेला, साईट अडकत असताना, ही पाच मिनिटं कामी येतील.

लेख उपयोगी वाटला तर ज्यांचे अर्ज भरायचे आहेत अशा मित्र-मैत्रिणींना लिंक नक्की पाठवा. लिंक कॉपी कशी करायची, हे आता वेगळं सांगायला नको!